डोकी मोजणारी

चष्मेवाल्याने पोहण्याच्या तलावावर पाऊल ठेवलं आणि पहिला नमस्कार केला तो एका बाहुल्याला.

यात त्याचा फारसा दोष नव्हता. चष्मा काढून कपाटात ठेवला की हातभर अंतरापलीकडचं जग त्याला नुसता रंगांचा काला दिसे. काठावरच्या खुर्चीत कुणीतरी ऐटीत बसलंय, डोक्यावर टोपी आहे, गळ्यात शिट्टी आहे, एवढं त्याने ओळखलं आणि अदबीने म्हणाला, "मॅडम, मी मोठ्यांच्या वर्गात नवीन. आधीच सांगून टाकतो, मला पाण्याची भीती वाटते."

मॅडम गप्प.

"म्हणजे फार नाही हं... बऱ्यापैकी."

तरी गप्प. "उशीर झाला म्हणून रागावलात का?" असं तो विचारतोय तोच मागून हसण्याचा फवारा उडाला.

"अहो, ते रबरी बाहुलं आहे! बुडणाऱ्याला वाचवायचा सराव करतो आम्ही त्याच्यावर. टोपी वाळत घातलीय मी त्याच्या डोक्यावर. मॅडम इकडे आहे."

चष्मेवाला आवाजाच्या दिशेने वळला. "तरीच! माझं इतकं शांतपणे आजवर कुणी ऐकून घेतलं नव्हतं."

ती पुन्हा हसली. पोटात दुखेपर्यंत हसली. आपण कितीतरी दिवसांत असे हसलेलो नाही, हे तिला हसून झाल्यावर जाणवलं, आणि उगाचच डोळ्यांत पाणी आलं.

तलावावर तिला सगळे शिट्टी म्हणत. गळ्यातल्या शिट्टीमुळे म्हणत आणि आवाजामुळेही म्हणत. तिने "पाय हलवा!" म्हटलं की शेजारच्या इमारतीतली माणसंही पाय हलवत असतील, असं चष्मेवाल्याचं मत होतं. तो स्वतः मात्र कठड्याला असा चिकटून राही की सोडवायला साबण लावावा लागेल.

"सोडा तो कठडा."

"सोडतो की. पण त्याला एकट्याला करमणार नाही."

"मी बघते त्याच्याकडे. तुम्ही या."

"तुम्ही असं 'या' म्हणालात तर... येतोच."

मग गडी लवकर यायला लागला, उशिरा जायला लागला. पोहण्याच्या चष्म्याला नंबरची काच कशी बसवतात, हे तिला सांगणं फार गरजेचं होतं म्हणे. ताकाला जाऊन भांडं लपवणं काही त्याला जमत नव्हतं, आणि ते लपू नये असं तिलाही वाटत होतं. अहो-जाहोचं अरे-तुरे कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

एकदा तो गमतीत म्हणाला, "तू स्वतः कधी पाण्यात उतरताना दिसत नाहीस. उंटावरून शेळ्या हाकणं बरं जमतं तुला."

ती हसली. पण ते हसू अर्ध्यात तुटलं. डोळ्यांवर चष्मा नसूनही एवढं त्याला कळलं.

कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात तिने सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात एक छोटी मुलगी घसरून खोल पाण्यात गेली होती. इतक्या गर्दीत ते हिनेच पाहिलं, हिनेच उडी मारली, हिनेच तिला बाहेर काढलं. मुलगी खोकली, रडली, आणि दोन दिवसांत उड्या मारायला लागली. आईवडिलांनी हिला मिठ्या मारल्या. तलावाच्या साहेबांनी गुच्छ दिला. जिवावरचं शेपटावर निभावलं, असं जो तो म्हणाला.

"आणि तुझं काय?" त्याने विचारलं.

"माझं काय? मी मजेत. मला कुठे काय झालं?"

चष्मेवाल्याने मान डोलावली. प्रेमात पडलेल्या माणसाला समोरचीने "मी मजेत" म्हटलेलं लगेच पटतं, हा त्या अवस्थेतला मोठाच आजार आहे.

सिनेमाला गेले तर ती पडद्याकडे कमी आणि पुढच्या रांगांकडे जास्त बघायची. बसमध्ये चढताच तिचे ओठ हलायचे. तो समजायचा, लाजते आहे बिचारी. ती मोजत असायची. लहान मुलांची डोकी. कुठेही, कुणाचीही.

हे त्याला बागेत कळलं. त्या संध्याकाळी त्याने आरशासमोर चारदा म्हणून पाहिलेलं वाक्य अखेर तोंडातून काढलं. "मला... म्हणजे, मला वाटतं, उरलेला सगळा वेळ तुझ्या शेजारी बसायला मिळाला, तर माझं कुणाशीच काही भांडण राहणार नाही."

ती समोर खेळणाऱ्या मुलांकडे टक लावून बघत होती.

"ऐकलंस?"

"मगाशी नऊ होती," ती म्हणाली. "आता आठ आहेत."

आणि ती धावत सुटली. झुडपांमागे एक मुलगा लपाछपीसाठी दबा धरून बसला होता. तिने त्याला दंडाला धरून खेचून काढलं, "कुठे होतास? कुठे होतास?" म्हणून गदागदा हलवलं. मुलगा भोकाड पसरून रडायला लागला. त्याची आई तरातरा आली आणि जे बोलायचं ते बोलली. चष्मेवाल्याने माफी मागितली. शिट्टी पुन्हा एकदा डोकी मोजत होती.

बाकावर परत बसल्यावर ती म्हणाली, "दमलेय मी. रात्री झोप झाली नाही. बाकी काही नाही."

तो म्हणाला, "माझ्या चष्म्यांच्या दुकानात माणसं येतात ना, ती कधीच म्हणत नाहीत की मला दिसत नाही. म्हणतात, हल्ली अक्षरंच बारीक छापतात. दिवे मंद असतात. फळ्यावरचं बाई नीट लिहीत नाहीत. प्रत्येक गोष्टीचं वेगळं कारण असतं त्यांच्याकडे. तू एकदा कुणाला तरी भेट. समुपदेशक असतात, त्यांचं कामच ते."

"मला वेड लागलंय, असं म्हणायचंय तुला?"

"तुला झोप लागत नाही, असं म्हणायचंय."

"तू आहेस ना? मग मला दुसरं कोण कशाला हवं?"

कुणाही प्रियकराने पाघळावं असं ते वाक्य होतं. तोही आतून पाघळला. पण म्हणाला, "मी आहे. कुठे जात नाही. पण मी पुरायचो नाही गं याला."

ती उठली आणि निघून गेली.

नंतरचे दिवस वाईट गेले. तो वर्गाला येत राहिला, कठडा धरत राहिला आणि तिला पुन्हा मॅडम म्हणायला लागला. ती पाय हलवा म्हणायची, तो हलवायचा. तलावावरच्या लोकांना वाटलं, आवाज बसलाय वाटतं शिट्टीचा.

ती राहायची दादा-वहिनीकडे. त्यांची लेक चिमणी म्हणजे आत्याचं शेपूट. एका दुपारी वहिनीने चिमणीला नवे बूट घ्यायला हिच्याबरोबर पाठवायचं ठरवलं, तर चिमणी आईच्या मागे लपली.

"आत्याबरोबर नको."

"अगं, असं काय म्हणतेस?"

"आत्या माझा हात दुखेपर्यंत धरते. सोड म्हटलं तरी सोडत नाही."

वहिनीने तिला दटावलं. पण शिट्टी खाली बसली होती. "बघू गं," म्हणत तिने तो इवला हात हातात घेतला. मनगटावर काही नव्हतं. चिमणीच्या डोळ्यांत मात्र भीती होती, आणि ती आत्याचीच वाटत होती. जगात जिच्यावर सगळ्यात जास्त जीव, ती आपल्याला घाबरते.

चिमणी खेळायला पळाली, तशी ती स्वयंपाकघराच्या दारात तशीच बसून राहिली. झोप येत नाही, ती उशीमुळे. जेवण जात नाही, ते उकाड्यामुळे. कुणी खोकलं की दचकायला होतं, ते आवाजामुळे. पाण्यात उतरत नाही, ते काम वाढल्यामुळे. खरंच की, प्रत्येक गोष्टीचं वेगळं कारण होतं आपल्याकडे! ताप आला असता तर दोन दिवसांत डॉक्टर गाठला असता. हे दुखणं मात्र वर्षभर अंगावर काढलं, कारण मुलगी तर वाचली होती. ज्याचं काहीच बिघडलं नाही, त्याने कुठल्या तोंडाने रडायचं?

"वहिनी, मला बरं वाटत नाहीये गं. बरेच दिवस."

वहिनी गॅस बंद करून तिच्याजवळ येऊन बसली. "दिसत होतं मला. विचारलं तर दुखावशील, म्हणून विचारलं नाही."

"विचारायचं होतंस."

"चुकलं माझं. आता विचारते. काय होतंय, सांग." आणि तिने ऐकून घेतलं, मध्ये एकदाही 'त्यात काय एवढं' न म्हणता. त्या दुपारचे उपकार शिट्टी आजही मानते.

मग तिने चष्मेवाल्याला फोन लावला. "तुझ्या ओळखीत आहे का कुणी? ते... समुपदेशक?"

"आहे. मी स्वतः जायचो त्यांच्याकडे. बाबा गेल्यावर मी दुकानात दिवसभर एकच काच पुसत बसायचो."

"हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगणारच होतो. तू उठून गेलीस."

बऱ्याच दिवसांनी ती फोनवर हसली.

समुपदेशक बाईंची खोली साधी होती. दोन खुर्च्या, एक कुंडी, पाण्याचा तांब्या. "खरं तर माझं काहीच झालेलं नाही," तिने सुरुवात केली, आणि पुढचा सगळा वेळ ती रडली. बाईंनी घाई केली नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "मुलगी बाहेर आली. तुम्हाला बाहेर यायला जरा वेळ लागतोय. येऊ आपण, हळूहळू."

जादूबिदू काही झाली नाही. कधी ती तिथून हलकी होऊन यायची, कधी चिडून यायची. "काही उपयोग नाही याचा," असं तिने दोनदा जाहीर केलं, आणि तरी पुढच्या वेळी गेली. झोप परत आली ती मांजरीसारखी, आधी उंबऱ्यापर्यंत, मग आत. एका सकाळी ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून आली. चिमणी आता बाजारात हिचं बोट धरून बडबडत चालायची. हल्ली शिट्टीचे ओठ बसमध्ये हलत, ते गाणं गुणगुणण्यासाठी.

चष्मेवाला दर वेळी बाहेरच्या बाकावर बसलेला असे. आत काय बोललीस, असं त्याने कधी विचारलं नाही. "चहा की कॉफी?" एवढंच विचारायचा.

एकदा ती बाहेर आली तेव्हा भुरभुर पाऊस होता. दोघं दाराशी पत्र्याखाली थांबले. ती म्हणाली, "तुझे आभार मानायचेत."

"बाप रे. कशाबद्दल?"

"तू मला बरं करायला गेला नाहीस, त्याबद्दल."

"मला जमलंच नसतं."

"नसतंच जमलं. पण तू झटला असतास. आणि तुला वाईट वाटू नये म्हणून मी बरी झाल्याचं नाटक केलं असतं. तुझ्यासमोर... जन्मभर." ती थांबली. पत्र्यावर पावसाचा आवाज वाढला होता. "मला तू आवडतोस. खूप. औषध म्हणून नाही. नुसताच."

चष्मेवाल्याने चष्मा काढून त्यावरचे थेंब पुसले आणि पुन्हा घातला. तो तिच्याकडे बघत राहिला आणि तिने त्याला बघू दिलं.