न लावलेल्या झाडाची सावली

ब्राझीलमधल्या पेत्रोपोलिसच्या डोंगरातलं ते घर झुल्मिरानं आखलं आणि बाग तिच्या नवऱ्यानं, अन्सेल्मोनं. स्लॅबचा हिशेब माझा, मी इंजिनियर. नकाशावरून दोघं कडाकडा भांडायची. तिच्या रेषा सरळ, त्याच्या नागमोडी. शेवटी बागेच्या टोकाला तिनं एक लांब पांढरी भिंत त्याच्यासाठी कोरी सोडली. त्या भिंतीपुढे तो पिवळ्या फुलांचं ईपेचं झाड लावणार होता. खड्डा खणायच्या आतच तो गेला.

पुढच्या हिवाळ्यात तिच्या मुलीनं मला गळ घातली, "आईला समजवा काका. घर विकून रिओला माझ्याकडे यायला सांगा. एकटी काय करते तिथं?" रविवारी दुपारी मी गेलो.

"आलास? मुलीचा वकील!" झुल्मिरा हसली. "आधी बागेत चल."

ऊन लखलखीत होतं. जांभळ्या पानांच्या वाफ्यांना वळसा घालत आम्ही भिंतीपाशी आलो. भिंतीवर झाडाची सावली पडली होती. नाजूक, निष्पर्ण फांद्यांची.

समोर नुसती हिरवळ.

मी वर पाहिलं. छत पाहिलं, विजेचे खांब पाहिले. उन्हाच्या वाटेत काहीच नव्हतं. हिरवळीवर उभा राहिलो, तर मानेवरचं ऊन एकदम गेलं. वारा पडला होता आणि भिंतीवरच्या फांद्या हलत होत्या.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. आधी काडीएवढी होती." तिनं भिंतीवर तळवा टेकला. "अन्सेल्मोचं काम कधी वेळेवर संपलंय? आता पुरं करतोय, आणि मी रिओला जाऊ?"

"भीती नाही वाटत?"

"अरे, त्याच्या घोरण्याला भ्यायले नाही मी!"

मुलीचा निरोप माझ्या ओठांवरच राहिला. कॉफी झाली, गरम चीझपाव झाले. ऊन कलल्यावर निघालो. ती ओट्याशी कप विसळत राहिली.

फाटकाची वाट त्या पांढऱ्या भिंतीसमोरूनच जाते.

सावली आता फुलांच्या घोसांनी लगडली होती. सावलीतल्या झाडाखाली एका पुरुषाची सावली बसली होती. त्याच्या खांद्यावर बाईचं डोकं टेकलेलं. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, झुल्मिरा खोचते तशी.

मी वळलो. स्वयंपाकघराच्या काचेपलीकडून झुल्मिरानं हात हलवला.

तिरपं ऊन तिच्या अंगावरून थेट आत गेलं होतं. तिच्यामागच्या भिंतीवर किटलीची लांब सावली होती, स्टुलाची होती.

तिची नव्हती.