कोरडी मोटर

हे मी रचून सांगत नाहीये. रचायचंच असतं तर अमावस्या घेतली असती, मध्यरात्र घेतली असती. हे घडलं ते भर दुपारी. यंदाच्या जानेवारीत, सतरा तारखेला, शनिवारी, तीन वाजून वीस मिनिटांनी.

नाशिक शहराच्या कडेला एक पॉश हॉटेल आहे. नाव लिहीत नाही. लॉबीत कारंजं, दारात फेटेवाला, सगळा थाट.

मी ज्ञानेश. नोकरीमुळे नाशिक रोडला राहतो. आई-वडील सायखेड्याला, शेतावर. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मी मोठ्या हौसेने तिथे दोन दिवसांसाठी खोली घेतली. नाना, म्हणजे माझे वडील, जन्मात कधी हॉटेलात राहिले नव्हते.

"तिथं जाऊन करायचं काय?" असं ते गाडीत तीनदा म्हणाले.

"काही करायचं नाही, नाना. आराम करायचा."

खोली तळमजल्यावर मिळाली. खिडकी उघडेना. एसी टपटप गळत होता. बाथरूमचा नळ सोडला तर नुसती हवा! मी दोनदा फोन केला. "सर, पाच मिनिटांत माणूस पाठवतो." अर्धा तास झाला तरी कोणी आलं नाही. नानांसमोर माझी फजिती झाली होती आणि मी भडकलो होतो.

तेवढ्यात पलंगावर आडवे झालेले नाना उठून बसले.

"ज्ञाना... कोणाची तरी मोटर कोरडी चालली रे."

मला काहीच ऐकू येत नव्हतं.

"मलाबी येतोय आवाज," आई म्हणाली.

नानांनी फरशीवर तळवा टेकवला. मग मीही टेकवला...

फरशी थरथरत होती.

ज्यांची शेती नाही त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीतलं पाणी संपलं आणि मोटर चालूच राहिली की ती हवा ओढते. तिचा आवाज बदलतो आणि थोड्या वेळात ती जळते. आमच्याकडे तो आवाज कोणालाच सहन होत नाही. मोटर कोणाचीही असो, वाटेने जाणारा माणूस थांबतो, लाल बटण दाबतो आणि मग पुढे जातो.

"जळंल ना ती," नाना चपला घालत म्हणाले. "आलोच बंद करून."

मी तिसऱ्यांदा रिसेप्शनशी भांडत होतो. "लवकर या," एवढंच म्हणालो. मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. ते मला अजून टोचतं.

दोन मिनिटं गेली असतील...

थरथर थांबली.

आणि बाथरूमच्या नळाला पाणी आलं. गढूळ, बर्फासारखं गार, गाळाचा वास असलेलं.

"आलं बाई एकदाचं," आई म्हणाली.

नाना मात्र आले नाहीत.

ते सापडले कॉरिडॉरच्या टोकाला, जिथे पुढे फक्त भिंत आहे. भिंतीपाशी उकिडवे बसले होते. हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले. अंगठा भिंतीवर दाबून धरलेला.

"खाली माणूस व्हता, ज्ञाना."

"कुठे खाली?"

"विहिरीत. गाळ काढीत व्हता. म्या बटण दाबलं आन् खालून आवाज आला... मोटर चालू करा, पाणी चढतंय."

विहिरीचा गाळ काढताना मोटर मुद्दाम चालू ठेवतात. पाझरून येणारं पाणी उपसत राहावं लागतं, नाहीतर तळाशी उतरलेल्या माणसाभोवती पाणी चढतं. नानांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणून ते नेहमी आधी विहिरीत वाकून बघतात आणि मगच बंद करतात.

"आज बघितलं नाय रे," ते म्हणाले. "हिरवं बटण दाबून पाह्यलं. चालूच होईना."

मॅनेजरने कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग दाखवलं. नाना भिंतीपाशी येतात. हवेतच मोटरच्या बटणांची पेटी उघडतात. बटण दाबतात. मग खाली वाकून बघतात... आणि एकदम मागे सरकतात. नंतरची अकरा मिनिटं ते अंगठा दाबत राहिलेत, आणि ओरडताहेत. त्या रेकॉर्डिंगला आवाज नाही, हे नशीब.

"इथे विहीर होती का?" मी विचारलं.

"कल्पना नाही, सर. मी पुण्याचा," मॅनेजर म्हणाला. त्याने खोली बदलून देऊ केली.

आम्ही तासाभरात निघालो.

सायखेड्याला आल्यापासून नाना आमच्या विहिरीची मोटर बंद करू देत नाहीत. वीज आल्यापासून जाईपर्यंत ती चालूच. वावरात पाणी साचून कांदा सडला. दोन मोटरी जळाल्या, तिसरी आणली. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. नाना दिवसभर विहिरीच्या कठड्यावर पालथे पडून खाली बोलत असतात.

"धीर धर रे बाबा. चालू हे मोटर."

आई पदर तोंडाला लावून रडते. मलाही रडू येतं, पण माझ्या हातात काय आहे?

मागच्या आठवड्यात नानांना दुपारी डुलकी लागली. मोटर हवा ओढत होती. मी आधी वाकून पाहिलं. लख्ख ऊन तळापर्यंत पोहोचलं होतं. तळ कोरडा. कोणी नव्हतं, शपथेवर सांगतो.

मी लाल बटण दाबलं.

...

आत लोखंडी शिडी वाजली. कोणीतरी घाईघाईने पाय टाकत चढत असल्यासारखी. एक पायरी... दोन... तीन...

मग कोरड्या विहिरीत पाण्याचा आवाज यायला लागला.

मी हिरवं बटण दाबलं. मोटर सुरू झाली आणि सगळं शांत झालं. नाना जागे होऊन माझ्याकडे बघत होते.

आता मी रजा टाकून इथेच आहे. नाना जेवायला उठतात तेवढा वेळ कठड्यावर मी बसतो.

पण शेतीची वीज दिवसाला आठच तास असते. ती गेली की रोज तेच. शिडी, पाणी, एक हाक... आणि मग काहीच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. नाना कानांवर हात दाबून बसतात. मीही.

या आठवड्यात वीज साडेचारला जाते. आत्ता चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत.

"किती वाजले रे?" नानांनी मघाशी विचारलं.

मी तीन सांगितले.