मृण्मयीआजीचं ट्यूनिंग

संध्याकाळचा चहा झाला की तेजसआजोबा भिंतीवरची गिटार काढून मांडीवर घ्यायचे आणि सहाही तारांवरून एकदाच अंगठा फिरवायचे. बस, एवढंच. मग गिटार पुन्हा भिंतीवर. त्यांना ती वाजवता येत नव्हती. गिटार होती मृण्मयीआजीची. आजीला जाऊन चार वर्षं झाली होती, पण त्या एका झंकारानं घर भरून जायचं.

त्या दिवशी मात्र अंगठा फिरला आणि आजोबांचा हात हवेतच थांबला. सहाही सूर होते, पण एकमेकांशी अबोला धरल्यासारखे.

"जुई, काय झालं गं हिला?"

सुट्टीसाठी साताऱ्याला आलेली अकरा वर्षांची जुई काही बोलणार, तेवढ्यात टेबलावरून खुंट्या टुणकन पुढे आला. खुंट्या म्हणजे जुईच्या गिटारच्या क्लासचा, सुट्टीतल्या सरावासाठी तिनं सोबत आणलेला खेकड्याएवढा यंत्रमानव. गिटारच्या डोक्यावर चढून तारा ताणणाऱ्या खुंट्या पिळायच्या, हे त्याचं काम, म्हणून हे नाव.

"ट्यूनिंग (तारा ठरावीक सुरांत लावणे) चुकलं होतं. मी दुपारी दुरुस्त केलं," तो छाती फुगवून म्हणाला. त्याला छाती नव्हती, पण ऐट होती. "ई, ए, डी, जी, बी, ई. जगभर चालतं ते."

"अरे गाढवा!" जुई ओरडली. "आधीचे सूर कोणते होते?"

"चुका मी साठवत नाही. दुरुस्त करतो."

आजोबांनी गिटार मांडीवर आडवी ठेवली आणि ते तिच्याकडे बघत राहिले. जुईला ते बघवेना.

"आजीचं रेकॉर्डिंग असेल ना?"

"कसलं रेकॉर्डिंग! आमच्या पिढीनं ताटातल्या थालीपिठाचेसुद्धा फोटो काढले गं. पण रोज कानावर पडणारं कोण साठवून ठेवतं? वाटतं, उद्या आहेच की." आजोबांनी चष्मा पुसला. "आणि मला सुरांतलं ओ की ठो कळत नाही. जन्म गेला जमिनीचे हादरे मोजण्यात."

आजोबा भूकंपशास्त्रज्ञ होते. जुईनं गिटार हळूच आपल्याकडे ओढली आणि न्याहाळू लागली. मानेवरच्या फ्रेट (मानेवर बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तिनं बोटानं चाचपल्या आणि ती थबकली. बाकीच्या पट्ट्या जवळजवळ नव्या होत्या. पण पाचवी आणि सातवी या टोकापासून त्या टोकापर्यंत झिजल्या होत्या.

"आजोबा, आजी बोटं कशी ठेवायची?"

"एकच बोट. असं आडवं." आजोबांना हसू आलं. "लग्नानंतरची पाच वर्षं आम्ही हिमालयात, तंबूत काढली. यंत्रं पुरायची आणि डोंगर हलायची वाट बघायची. थंडीनं तिची बोटं आखडायची, वाकायचीच नाहीत. म्हणून तिनं तारांचं काहीतरी करून ठेवलं. जेवण तयार झालं की तंबूच्या दारात बसून तारांवर हात फिरवायची. तेवढ्यावर आम्ही सगळे धावत यायचो."

जुईचे डोळे चमकले. महिनाभरापूर्वीच क्लासला जाऊ लागलेल्या जुईची बोटं रोज दुखत होती. कॉर्ड (तीन किंवा जास्त सूर एकत्र वाजून होणारी जुळणी) वाजवायची तर तीन बोटं तीन वेगळ्या जागी दाबावी लागत. मोकळ्या तारा नुसत्या छेडल्या तर नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये कॉर्ड जुळतच नाही.

"म्हणजे आजीनं मोकळ्या तारांनाच कॉर्डमध्ये लावलं होतं!" ती म्हणाली. "तंबोऱ्यासारखं! मग एक बोट आडवं ठेवलं की सगळी कॉर्ड जशीच्या तशी वर सरकते. म्हणून दोनच पट्ट्या झिजल्यात."

"बरं. पण कोणती तार कोणत्या सुरात?"

तिथे घोडं अडलं. खुंट्या पुन्हा पुढे सरकला. "तारा काळ्या पडल्या आहेत. बदलू का?"

"हात लावू नकोस!" दोघं एकदम ओरडले.

"वर्षानुवर्षं सूर न उतरणाऱ्या मिश्रधातूच्या तारा आहेत त्या. तिनंच बसवलेल्या," आजोबा हळूच म्हणाले. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "जमीन सरकली, तर किती सरकली ते कसं कळायचं ठाऊक आहे? एखाद्या शेताचं सरळ कुंपण मधेच तुटून बाजूला गेलेलं असायचं. ते किती बाजूला गेलं ते मोजलं, की झालं."

"कुंपण..." जुई पुटपुटली. "आजोबा, तुमचं भिंग द्या!"

गिटारच्या डोक्याजवळ एक पांढरी पट्टी असते. तिच्या खाचांतून तारा पुढे खुंट्यांकडे जातात. चार वर्षं खाचेत दबलेला तारेचा तेवढाच तुकडा चकचकीत राहिला होता, बाकी तार काळवंडली होती. दोन तारांचा चकचकीत ठिपका अजून खाचेतच होता. उरलेल्या चार तारांचा मात्र खुंटीच्या बाजूला दोऱ्याच्या जाडीएवढा सरकला होता. तिसऱ्या तारेचा तर त्याहूनही कमी.

"खुंट्यानं तार ताणली, म्हणून ठिपका पुढे गेला," जुई घाईघाईनं म्हणाली. "ताण वाढला की तार जास्त वेगानं थरथरते आणि सूर चढतो. सैल केली की उतरतो. ठिपका परत खाचेत आणला, की आजीचा ताण परत!"

"अगदी कुंपणासारखं," आजोबा म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

खुंट्या पिळायचं काम खुंट्यानंच केलं, पण जुईच्या हुकमानं. "अजून. अजून थोडं. थांब!" भिंगातून बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चारही ठिपके जागेवर आले.

"हे झालं ढोबळ. आता कानानं," म्हणत तिनं सर्वांत जाड तार छेडली, तिला सा मानलं आणि गुणगुणत एकेक तार मिळवत गेली. सा, प, सा, ग, प, सा. तिसरी तार केसभर चढी होती, ती तिनं उतरवली. आणि मग सहाही तारांवरून अंगठा फिरवला.

आजोबा उठून उभे राहिले. जेवायला हाक आल्यासारखे. मग आपण का उठलो ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते पुन्हा बसले. डोळे पुसायचं त्यांनी लपवलं नाही.

"नोंद," खुंट्या हळू आवाजात म्हणाला. "वेगळं म्हणजे चूक नव्हे. यापुढे आधी विचारेन, ही गिटार अशी कुणी लावली आणि कशासाठी."

"शहाणा झालास," जुई म्हणाली. "माझ्या बोटांसाठीही एखादं ट्यूनिंग शोधू या आपण. आजीला सापडलं, तर मला का नाही?"

आजोबा आपल्या हाताकडे बघत होते. सत्तरी ओलांडलेली, सांधे धरलेली बोटं. "जुई, एकच बोट पुरतं म्हणालीस ना? म्हणजे मलाही जमेल?"

जुईनं त्यांचं बोट धरून पाचव्या पट्टीजवळ आडवं टेकवलं. त्यांनी अंगठा फिरवला. मग सातवी. मग बोट उचलून मोकळ्या तारा. ती चाल त्यांनी आयुष्यभर ऐकली होती आणि ती आता त्यांच्याच हातातून येत होती.

"एवढंच होतं होय!" आजोबा हसत आणि रडत म्हणाले. "शिकवते म्हणून किती मागे लागायची गं ती! आणि मी आपला नुसता चहा पीत बसायचो."