खवल्यांचा माग

"खोटं! साफ खोटं! माझी आजी पाण्यात विष घालणार नाय!" सुरभी ओरडली.

रोह्याजवळच्या त्या ओढ्याकाठी तीन पाणमांजरं मरून पडली होती. पाणमांजरांचा अभ्यास करणाऱ्या सुनीतीताईंच्या कॅमेऱ्यात तिथे एकच माणूस दिसलं होतं, टोपली घेतलेली चंद्रावती आजी. झालं! ग्रामपंचायतीने ठरवूनच टाकलं, उद्यापासून कातकरीवाडीला ओढा बंद! उन्हाळ्यात वाडीची चूल ओढ्यातल्या खेकड्यामाशांवरच तर पेटायची.

पेणहून सुनीतीमावशीकडे सुट्टीला आलेली हेमांगी आणि तिचा भाऊ अक्षय मात्र सुरभीच्या बाजूने उभे राहिले.

"पण पुरावा कुठाय?" हेमांगीने विचारलं.

आजी म्हणाली, "पाणमांजर ठरल्या दगडावरच हागतं. मासा खाल्ला असंल तर त्यात खवलं चमकतात. एकेक दगड बघत वर जा गो. ताजी खवलं दिसली, की तिथलं पाणी चांगलं. त्याच्या खाली कुणीतरी नासवलंय."

"म्हणजे शी वाचायची?" अक्षयने नाक दाबलं.

"तू मावशीचा ओढ्याचा नकाशा धर. वाचते मी!" सुरभी म्हणाली.

पहिल्या दगडावर सुकून भुगा झालेली शी, दोन-तीन दिवसांची. अक्षयने नकाशावर फुली मारली. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यापाशी मेलेले मासे फुगून तरंगत होते, हेमांगीला तर उलटीच झाली. चौथ्या दगडावर मात्र ओली शी, आणि तिच्यात खवले लखलखत होते!

"तिसऱ्या आणि चौथ्या दगडाच्या मधे एकच फार्महाऊस आहे," अक्षय नकाशा बघत पुटपुटला.

फार्महाऊसचा राखणदार दिनानाथ अंगणात जाळं सुकवत होता. हेमांगीने खिशातल्या मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू केलं. सुरभीने भोळाभाबडा चेहरा केला.

"काका, आमाला एक मासा गावत नाय. तुमाला कसे गावतात?"

"अक्कल लागते, पोरी!" दिनानाथ फुशारला. "परवा मालकाची पार्टी होती. पोहायच्या टाकीत टाकतात ना, ती पावडर दोन पिशव्या डोहात ओतली. पाच मिनटांत सगळे मासे वर!"

तिघं जे धावत सुटले ते थेट ग्रामपंचायतीत! रेकॉर्डिंग ऐकून सरपंच ओशाळले. सुनीतीताईंनी आजीला बोलावून घेतलं आणि सगळ्यांदेखत तिचे हात धरले.

"चुकलं माझं. कॅमेऱ्यात तुम्ही दिसलात आणि मी संशय घेतला. तुम्हाला विचारायलाच हवं होतं. आता पाणमांजरांच्या अहवालावर तुमचंही नाव असेल."

"शाब्बास, पोरांनो!" सरपंच म्हणाले. "वाडीवरची बंदी उठली!"

टाळ्या वाजल्या. ओढ्यावर जायला सुरभीने आजीची टोपली उचलली, पण आजीने तिचा हात धरला.

"नको गो. मेलंय ते पाणी. दोन पावसाळे तरी जायला हवेत."

"चौथ्या दगडाच्या वर हायत की मासे!"

"उरलेली पाणमांजरं तिथंच खातायत. यंदा तो घास त्येंचा."

सुरभीला रडूच कोसळलं. पोटात भूक होती आणि दिनानाथचा राग डोक्यात मावत नव्हता. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि कंद खणायला डोंगराकडे निघालेल्या आजीच्या मागून चालू लागली.