कंदीलवालीचं शेवटचं रीळ

पत्र्याच्या पेटीत सहा रिळं होती. सातव्या डब्यात खड्या मिठाची पिशवी.

"काल दुपारी मी स्वतः लावून ठेवली होती," काशिराम ऑपरेटर म्हणाला. 

धर्मराजशेठनी पिशवी उचलून आपटली. पनवेलच्या या तंबू टॉकीजचे ते मालक. "वजन भरावं म्हणून मीठ! हे घरच्याचंच काम. काशिराम, किल्ली तुझ्याकडे. चार वाजेपर्यंत रीळ आलं नाही, तर मी तुला फौजदाराकडे नेऊन उभा करतो."

काशिरामला तीन मुली होत्या आणि यंत्र चालवण्याखेरीज दुसरं काही येत नव्हतं.

"शेठ, चारपर्यंत मला द्या," बायकांच्या दारावर तिकिटं फाडणारी चंद्रावती म्हणाली.

"तू काय करणार?"

"विचारत फिरेन. त्याला कुठे परवाना लागतो?"

ती हे हसत बोलली, पण आतून तिला टोचत होतं. हे चित्र पुन्हा आणा म्हणून दिवाळीपासून शेठच्या मागे लागलेली तीच होती. 'कंदीलवाली' तेरा वर्षांपूर्वीचं, स्वस्तातलं भुताचं चित्र. त्यातलं धुकं म्हणजे ओल्या पेंढ्याचा धूर. सांगाडा दोरीवर नाचायचा आणि दोरी दिसायची. लोक हसायचे. चंद्रावतीने ते मागच्या साली अकरा वेळा पाहिलं होतं, कारण शेवटी भूत बनलेली ती पोरगी कंदील उचलून पाहते, तेव्हा ती घाबरवत नाही. ती कुणाला तरी शोधते. एवढं पाहायला पनवेलात कुणाला सवड नव्हती. आणि या चित्राची दुसरी प्रत उरली नव्हती. बाकीच्या प्रती बांगड्या बनवण्यासाठी कारखान्यात वितळल्या, असं काशिराम सांगे.

"काल इथे कोण कोण आलं?" तिने विचारलं.

"खानावळीच्या भामाबाई जेवणाचा डबा घेऊन. आणि कमळाकर, जाहिरातीची पाटी न्यायला."

"तुम्ही खोली सोडलीत?"

"हात धुवायला विहिरीवर गेलो. दोघं तेव्हा इथेच."

"आणि शेवटच्या रिळात ती कंदील कोणत्या हाताने उचलते?"

काशिराम त्याही स्थितीत चिडला. "बाई, आता तो वाद नको! उजव्या. तुम्ही पडद्यामागे बसता, तुम्हाला सगळं उलटं दिसतं, त्याला मी काय करू?"

वाद जुनाच होता. तंबूच्या मधोमध पांढरा कपडा. यंत्राच्या बाजूला पुरुष, कपड्यामागे बायका. एकच चित्र, पण बायकांना आरशातल्यासारखं. त्या बाजूला पुरुष फिरकत नसे आणि या बाजूला बाईला शेठ बसू देत नसत.

कमळाकर टांग्यात भोंगा बांधत होता. गावभर चित्राची दवंडी देणं हे त्याचं काम.

"तुम्हाला हे चित्र आवडत नाही ना?"

"लाज वाटते ओरडायला! सांगाड्याची दोरी दिसते, वहिनी, दोरी!"

"घोड्याला मीठ घालता?"

"घालतो. पनवेलात मीठ कुणाकडे नाही? तुमच्या घरी नाही?"

"म्हणजे रीळ तुम्ही नेलं?"

"मी नेलं असतं तर पहिलं नेलं असतं. शेवटपर्यंत कशाला बघायला लावू लोकांना?"

चंद्रावतीला हसू आलं. त्याच्या बोलण्यात तथ्य होतं.

भामाबाईंच्या खानावळीत भाकऱ्या थापणं चाललं होतं. वय तिशीच्या आसपास, पदर कायम कपाळापर्यंत. त्यांची साळू बारा वर्षांची. नेरे गावात तिची सोयरीक जवळजवळ ठरलेली.

"रीळ गेलं म्हनं," भामाबाई मान वर न करता म्हणाल्या. "काशिरामभाऊंवर आळ आलाय?"

"चार वाजता फौजदाराकडे नेणार."

थापणारा हात क्षणभर थांबला. "बिचारा."

"काल तुम्ही कुणाला आत-बाहेर करताना पाहिलंत?"

"नाय बाय. डबा ठेवला नि आलू. सांच्याला सोयरे येनार, त्याचीच घाई. शेठनीच बोलावलंय त्यांना, खेल बघायला."

"चित्र तुम्ही पाहिलंय ना?"

"मागल्या साली, एकदाच. तुमच्याच शेजारी बसलू व्हतू की."

"शेवट आठवतो? बायकांना काय सांगू, रीळ मिळालं नाही तर?"

"शेवट काय!" पिठाने माखलेला उजवा हात वर गेला, मनगट आत वळलं. "आसा कंदील उचलते, बघते. झालं."

चंद्रावती उठली. रस्त्यावर आली. दहा पावलांवर थांबली, तिने स्वतःचा हात उचलून पाहिला. एकदा डावा, एकदा उजवा. मग ती परत फिरली आणि तिने खानावळीचं दार आतून लावलं.

"भामाबाई, रीळ द्या."

"काय बोलतंस तू?"

"तुम्ही चित्र एकदाच पाहिलंत, माझ्या शेजारी बसून. तिथून प्रत्येक बाईला डावा हात दिसतो. तुम्ही उजवा उचललात."

"चुकला आसंल."

"हात चुकेल. मनगट कसं चुकेल? ज्योत डोळ्यांवर येऊ नये म्हणून आत वळवलेलं. काशिरामने ते कितीदा पाहिलंय, त्यालाही ते जमणार नाही. कंदील ज्याने धरला, त्याचाच हात तसा वळतो."

भामाबाईंनी परातीतलं पीठ पुन्हा मळायला घेतलं.

"आणि चोराने शेवटचंच रीळ नेलं. त्यातच तिच्या तोंडावर पाणी पडतं, रंग धुतला जातो. चोराची अडचण चित्राची नव्हती, चेहऱ्याची होती."

भामाबाईंनी हळूच पदर मागे सारला. चंद्रावतीने पाहिलं आणि तिला स्वतःची शरम वाटली. अकरा वेळा तिने भूत पाहिलं होतं. शेजारी बसलेली बाई पाहिली नव्हती.

"रोडपालीच्या मिठागरावर आलते ते शिनेमावाले," भामाबाई म्हणाल्या. "त्यांची बाई चिखलात उतरंना. मी सतरा वर्सांची. बापाला ठाव नाय, कुनाला ठाव नाय. तीन दिस हुबी राहिलू. किंकाली पन माजी नाय, कुना बाप्याची हाय." त्या हसल्या आणि लगेच रडल्या. "साळूच्या सोयऱ्यांचा म्हातारा तवा त्याच मिठागरावर व्हता. तो म्होरं बसनार. वळखंल. नाचीची पोर म्हनतील माज्या साळूला."

"आणि काशिरामच्या तीन मुली?"

"रातभर त्याच आठवत व्हत्या गो." त्यांनी तांदळाच्या कणगीत हात घातला आणि रीळ काढून दिलं. "ने. मी शेठला सांगतू."

चंद्रावतीने रीळ मांडीवर घेतलं. द्यायचं तर एक घर मोडणार, न द्यायचं तर दुसरं. फिल्म तुटते, काशिराम सांधतो. चार हात फिल्म कमी झाल्याने कुणी तक्रार केल्याचं तिला आठवत नव्हतं.

"कात्री आहे?"

ती उजेडासमोर फिल्म सरकवत गेली. पाणी पडतं तिथे थांबली. इवल्याशा चौकटींत तोच चेहरा, पुन्हा पुन्हा.

"बाय," भामाबाईंनी हलकेच विचारलं, "माजं काम कसं व्हतं? सगले हसतात."

"सांगाड्याला हसतात. तुमचं काम पाहून मी दोनदा रडलेय."

मग तिनेच कापलं. तुकडा भामाबाईंनी चुलीत टाकला. तो असा भडकला की दोघी मागे सरल्या.

शेठना तिने सांगितलं की झाडलोट करताना रीळ तिनेच दुसऱ्या पेटीत ठेवलं होतं, आणि मीठ उंदरांसाठी. उंदरांना मीठ कशाला, हे शेठनी विचारलं नाही. दारावरून काढून टाकीन एवढं मात्र चारचौघांत ऐकवलं. काशिरामने सांधा पाहिला, तिच्याकडे पाहिलं आणि यंत्राला तेल घालू लागला.

संध्याकाळी खेळ झाला. दोरी दिसली, लोक हसले. पुरुषांच्या बाजूला नेऱ्याचा म्हातारा मोठ्याने खोकत होता. शेवटी कंदील वर गेला, पडद्यावरचं चित्र एकदा उडालं आणि दिवे लागले.

नेऱ्याची विहीण, रंभाबाई, गोणपाटावर तशीच बसून राहिली. "म्हंजे ती व्हती तरी कोन? दाखवलीच नाय."

"असंच आहे हे चित्र," चंद्रावती म्हणाली. "पहिल्यापासून."

"कुनी केलं आसंल आसलं अर्धवट?"

भामाबाई उठून साळूला शोधायला गेल्या.  चंद्रावती गोणपाटं गोळा करू लागली.