सुयोगची आई

"ठेव त्याला! पाण्याजवळ माझं लेकरू तुझ्या हातात नको!"

न्हाणीत पाय लांब करून, दोन महिन्यांच्या नातवाला पायांवर पालथं घेऊन बसलेल्या वंदनाचा तांब्या हवेतच थबकला... तिच्या लेकीने, संघरत्नाने, झडप घालून बाळ उचललं आणि तेलाने माखलेल्या अंगासकट छातीशी घट्ट धरलं. बाळ दचकून रडू लागलं. वंदना मात्र रडली नाही. अठरा वर्षांत ती रडलीच नव्हती. जिच्या हातून पोटचं पोर गेलं, त्या अभागिनीला रडण्याचा अधिकार तरी कुठला?

निदान किन्हवलीजवळच्या त्या वस्तीत सगळे तसंच मानत होते. पाच वर्षांचा सुयोग नदीच्या डोहात बुडाला तो आईच्या दुर्लक्षामुळे! सासूने मरेपर्यंत तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. तेव्हा नऊ वर्षांची असलेली संघरत्ना आईजवळ झोपेनाशी झाली. पुढे मुरबाडला मावशीकडे राहून शिकली, लग्न होऊन आसनगावला गेली, पण आईला तिने मायेचा एक शब्द कधी दिला नाही. बाळंतपणाला माहेरी आली तीही बापाच्या ओढीने.

आणि खरं काय घडलं होतं, ते फक्त दोन जिवांना ठाऊक होतं...

त्या दिवशी सुयोगला मासे दाखवायला नदीवर नेलं होतं ते नरेंद्रने, वंदनाच्या नवऱ्याने. सरपणाच्या फाट्यांचा भारा डोक्यावर घेऊन वंदना नदीकाठाने परत येत होती, तेव्हा तो जांभळीखाली दारूच्या धुंदीत झोपलेला तिला दिसला, आणि डोहाच्या पाण्यावर एक लाल सदरा... भारा टाकून तिने उडी घेतली. लेकराचं गार पडलेलं अंग तिने काठावर आणलं, तोवर शुद्धीवर आलेला नरेंद्र ऊर बडवत त्याच डोहाकडे धावला.

"मला मरू दे! मला नाय जगायचं!"

तिने त्याच्या कमरेला मिठी घातली. पायाशी मेलेलं पोर, हातात मरायला निघालेला नवरा, आणि घरी बापावाचून घास न गिळणारी मुलगी! त्या एका क्षणात वंदनाने स्वतःचं सारं आयुष्य उधळून दिलं.

"तुमी बांधावरून घरी जा. पोर माझ्यासंगं होतं. मी हातपाय धूत होते, माझं लक्ष नव्हतं. कोणी विचारलं तर एवढंच सांगा."

नरेंद्र गेला. त्यानंतर त्याने दारूला स्पर्श केला नाही. तो रविवारी विहारात मुलांना पंचशील शिकवू लागला, वस्तीत त्याचा शब्द मानला जाऊ लागला. सुरुवातीला वंदनासमोर त्याची मान खाली जाई. पण वर्षं लोटली तसं तिचं ते मौन त्याच्याही अंगवळणी पडलं... सोयीचं झालं!

आज मात्र संघरत्ना बाळाला घेऊन पडवीत त्याच्यासमोर उभी राहिली.

"बाबा, तुमी घाला याला अंघोळ. तुमच्याजवळ असला की मला भीती नाय."

नरेंद्रने हात पुढे केले. पण बाळाला स्पर्श होण्याआधीच त्याने ते मागे घेतले.

"माझ्याकडं नको देऊस, पोरी..."

"अवो!" न्हाणीतून वंदना कळवळून ओरडली, "काय बोलू नका! जाऊ द्या!"

"नाय वंदना, आता नाय..." तो मटकन खाली बसला. "संघा, सुयोगला नदीवर मी नेला होता. मी प्यालेलो होतो. तुझ्या आईनं त्याला बाहेर काढला, आणि मलापण मरू दिला नाय. तिचा दोष कधी नव्हताच गो!"

संघरत्नाने बाळाला दुपट्यात गुंडाळून आत निजवलं आणि न्हाणीच्या दाराशी आली.

"खरं हाय हे?"

वंदनाने होकारार्थी मान हलवली.

"का नाय सांगितलंस मला? का?"

"भाऊ गेला होता गो तुझा... बापपण कसा हिरावून घेऊ?"

"आणि आई?" संघरत्नाचा आवाज चिरकला. "माझी आई हिरावलीस ना तू! अठरा वर्षं मला आई नव्हती!"

लेकीचं बालपण वाचवलं, एवढ्याच एका समाधानावर वंदना आजवर जगली होती... आणि त्याच लेकीला आपण पोरकं केलं, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं! तिने ओले हात पुढे केले. संघरत्ना धावली आणि त्या ओल्या फरशीवरच तिच्या मांडीत कोसळली.

बाहेर नरेंद्रने चपला पायात घातल्या. त्याला कोणी थांबवलं नाही. त्या रविवारी त्याने विहारात सगळ्यांसमोर सारं कबूल केलं. मुलांना शिकवायला मग कोणी त्याला बोलावलं नाही. तो पडवीत एकटाच जेवू लागला. वंदना त्याला वाढी, पण क्षमेचा शब्द तिच्या ओठांवर येत नसे.

ते सारं पुढचं. त्या सकाळी मायलेकी न्हाणीतच बसून होत्या.

"आये," संघरत्ना हुंदके आवरत म्हणाली, "भाऊ माझा कसा बोलायचा गो? मला आठवतच नाय. आठवायला गेले की मधी तुझाच राग यायचा..."

वंदनाने त्या लेकराचं नाव अठरा वर्षांत उच्चारलं नव्हतं.

"सुयोग... सुयोगला तुझं नाव म्हणता नसे येत. 'चंगा' म्हणायचा. तू शाळेत निघालीस की मागं धावायचा... 'चंगा, थांब ना गो! मी पन येतो!'..."

आणि तिचा बांध फुटला! तो आक्रोश ऐकून शेजारच्या बाया दारात धावत आल्या. काय झालं, कोणालाच कळेना. संघरत्नाने आईला उराशी धरलं आणि त्यांना हातानेच थांबवलं.

"रडू द्या तिला," ती म्हणाली, "तिचा पोरगा गेलाय."