मुकी पदकं

मी शपथा घेणार नाही. पटलं तर ठेवा, नाही पटलं तर सोडून द्या.

एवढंच सांगते, की हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलं. आणि मालतीमावशी म्हणजे अशी बाई, की भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की तोंड वाकडं करून भांडी घासायला उठते. गाव भोपाळ. कारखान्याच्या टाउनशिपमधलं क्वार्टर. साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी, तारीख सव्वीस जानेवारी.

रात्र शोधत असाल, तर रात्र यात नाहीच. सगळं सकाळच्या उन्हात घडलं. भरल्या मैदानात, शेकडो माणसांसमोर.

मला त्याचीच जास्त भीती वाटते.

मावशीचे यजमान काशिनाथ वैरागडे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. मूळचे भंडाऱ्याकडचे, फौजेत नायक. एकाहत्तरच्या लढाईत मांडीत तोफगोळ्याचा तुकडा घुसला आणि पाय कायमचा अधू झाला. फौजेतून सुटल्यावर भोपाळला कारखान्याच्या सिक्युरिटीत लागले. मावशी तिथल्याच प्राथमिक शाळेत शिकवायची.

काकांना दोन पदकं मिळायची होती. एक लढाईत उतरलेल्यांचं, एक जखमी झालेल्यांचं.

मिळालं एकही नाही.

कारण ऐकाल तर डोक्याला हात लावाल. जखमी जवान इस्पितळात गेला, की त्याचं नाव पलटणीच्या पटावरून काढून डेपोच्या पटावर चढवतात. पलटणीने पदकांसाठी नावं धाडली, तेव्हा काका पलटणीत नव्हते. डेपोला वाटलं, पलटणीने धाडलंच असेल. काकांच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये पदकांची जागा कोरी राहिली. म्हणजे माणूस जखमी झाला, म्हणूनच त्याला जखमेचं पदक नाही!

आता म्हणाल, दोन धातूच्या चकत्या, त्यात काय एवढं?

सव्वीस जानेवारीला टाउनशिपच्या मैदानावर परेड व्हायची. माजी सैनिकांची वेगळी तुकडी असायची. निळा ब्लेझर, डाव्या छातीवर पदकं. ज्याची छाती रिकामी त्याने शेवटच्या रांगेत चालायचं. काका दर वर्षी शेवटच्या रांगेत, लंगडत. कडेला उभी असलेली टवाळ पोरं ओरडायची, "वैरागडे अंकल, लड़ाई में थे कि लंगर में?"

त्यांचे बाप हसायचे. हसणाऱ्यांत शिकलेले इंजिनिअरही असायचे. थू!

काका घरी येऊन ब्लेझर नीट हँगरला लावायचे. जेवायचे मात्र नाहीत त्या दिवशी.

रेकॉर्ड दुरुस्त करून घ्यायला अर्ज करता येतो. काकांनी केले. वर्षानुवर्षं केले. मावशीच ते अर्ज सुवाच्य अक्षरात लिहायची, त्यामुळे काकांचा फौजेतला नंबर तिला झोपेतही पाठ होता. अर्ज माजी सैनिक मंडळाच्या सचिवामार्फत जायचा आणि उत्तरही त्याच्याच पत्त्यावर यायचं.

सचिव म्हणजे बाळकृष्ण ढोमणे.

आपलाच माणूस. नागपूरचा. दोन ओळी सोडून पलीकडच्या क्वार्टरमध्ये राहायचा. रविवारी सकाळी न बोलावता यायचा आणि पाटावर बसल्या बसल्या विचारायचा, "वहिनी, पोह्यांवर तर्री आहे ना?" तर्रीत बोटं बुडवून मचामचा चाटायचा. मग बशी पुढे करत म्हणायचा, "काशिनाथ, अर्ज परत आला रे. नाव सापडत नाही म्हणतात. छोड़ ना यार, या वयात काय करायचं ते घेऊन?"

आणि वाढून घ्यायचा.

परेडला हा सगळ्यात पुढे. छातीवर चार पदकं.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर काका गेले. हृदयाचा झटका आला. शुद्धीवर होते तेवढ्यात मावशीला म्हणाले, "मालती, तुला तरी पटतं ना गं, मी खोटं बोलत नव्हतो?"

"मला पटायचं काय त्यात?" मावशी म्हणाली. "मी रेकॉर्डात लिहवून आणते. सगळ्यांना दाखवते."

तेवढं ऐकून त्यांनी डोळे मिटले. मावशी शब्द द्यायला उशीर करते, पण दिलेला मोडत नाही. तिने पुन्हा अर्ज लिहिला आणि नेऊन बाळकृष्णाच्याच हातात दिला. दुसरं करणार काय?

त्यानंतर सुरू झालं.

आधी वास आला. कपाट उघडलं की पितळेच्या पॉलिशचा वास... घरात पॉलिशची बाटलीच नव्हती. मावशीने कपाट धुतलं, कडुनिंबाचा पाला ठेवला, उन्हात उघडं टाकलं.

वास तसाच.

मग एका दुपारी ती शाळेतून आली. पंखा बंद, नळ बंद, शेजार झोपलेला. ती खुर्चीवर टेकली आणि कपाटातून आवाज आला...

खण्.

थोडं थांबून पुन्हा...

खण्. खण्.

मावशीला तो आवाज ओळखायला वेळ लागला नाही. इतकी वर्षं परेड बघितली होती तिने. छातीवरची पदकं चालताना एकमेकांवर आपटतात, तो आवाज. आणि एका पदकाचा आवाज होत नाही. त्याला दोन लागतात.

तिने कपाट उघडलं. ब्लेझर हँगरला स्थिर होता.

पण डाव्या खिशाच्या वर कापडाला बारीक भोकं पडली होती. टाचणीने पडावीत तशी, जोडी-जोडीने. आणि खाली दोन गोल हिरवट डाग. पितळ घामात राहिलं की कळकतं, तसे.

त्या ब्लेझरला आजवर कुणी पिन लावली नव्हती.

पुढच्या रविवारी बाळकृष्ण आला. काका गेले तरी पोहे चुकले नव्हते त्याचे. बसला, घास घेतला आणि म्हणाला, "वहिनी, तुमचा अर्जही परत येईल बरं का. मी आपला आधीच सांगून..."

खण्.

त्याचा घास तोंडातच राहिला.

खण्. खण्.

मावशी त्याच्याकडे बघत होती. त्याचा चेहरा पांढरा पडला आणि हात आपोआप छातीवर गेला. शर्टावरूनच तो खाजवायला लागला. आधी हळू, मग करकरून. आणि तेव्हा मावशीला त्याच्याकडून वास आला. जखम चिघळल्यावर बँडेज सोडताना येतो तो. शर्टाच्या पांढऱ्या कापडावर एक ओला ठिपका उमटला, पिवळसर हिरवा.

बशी तशीच टाकून तो निघून गेला. मावशीने ते पोहे गाईलाही घातले नाहीत. बशीसकट कचऱ्यात टाकले.

मग सव्वीस जानेवारी आली.

त्या टाउनशिपमध्ये एक पद्धत होती. माजी सैनिक वारला, की परेडला त्याच्या बायकोला पुढच्या खुर्च्यांवर बसवायचे. तिने नवऱ्याचा ब्लेझर मांडीवर घेऊन बसायचं. तेवढी सहा-सात कुटुंबं होती. मावशीच्या शेजारी पठारियाभाभी होत्या, सागरकडच्या. त्यांनी नवऱ्याचा कोट पोटाशी घट्ट दाबून धरला होता. मावशीला वाटलं, थंडी वाजत असेल.

बँड वाजला. माजी सैनिकांची तुकडी आली. बूट एकसाथ पडत होते आणि रांगेरांगेतून पदकांचा किणकिणाट येत होता.

सगळ्यात पुढे बाळकृष्ण. चार पदकं प्रत्येक पावलाला झुलत होती, एकमेकांवर आपटत होती...

आणि आवाज नव्हता.

मावशीने कान देऊन ऐकलं. मागच्या माणसाचा येतो. त्याच्या शेजारच्याचाही येतो. पुढच्या चार पदकांचा काहीच नाही. चिंध्या आपटाव्यात तशी आपटत होती.

तेवढ्यात तिच्या मांडीवर...

खण्. खण्. खण्.

बाळकृष्णाचं पाऊल पडलं की तिच्या मांडीवर आवाज. तो वळला, आवाज वळणावर थांबला. तो पुढे निघाला, आवाज पुन्हा सुरू. मांडीवरचा रिकामा ब्लेझर त्याच्या पावलांवर वाजत होता.

मावशीला सगळं एकदम कळलं. ती उठली. चुन्याची रेघ ओलांडून सरळ मैदानात गेली आणि तुकडीसमोर उभी राहिली. बँड वाजत राहिला, तुकडी थबकली.

"वहिनी, परेड चालू आहे," बाळकृष्ण पुटपुटला. "बसा ना जाऊन. तमाशा नको."

फौजेचं पदक असतं ना, त्याच्या कडेवर ज्याचं पदक त्याचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. एवढी बारीक अक्षरं, की हातात घेऊन तिरकं धरल्याशिवाय दिसत नाहीत. दुसऱ्याच्या छातीवरचं पदक धरून कुणी वाचत नाही. आपल्याकडे तसं करणं म्हणजे अपमान. बाळकृष्णाची सगळी भिस्त त्याच सभ्यतेवर होती.

मावशीने पहिलं पदक धरलं, कलतं केलं आणि वाचलं.

तो नंबर तिला झोपेतही पाठ होता.

पुढे नाव. के. वैरागडे. दुसऱ्यावरही तेच.

म्हणजे रेकॉर्ड केव्हाच दुरुस्त झालं होतं! पदकं घडून, नाव कोरून भोपाळला आली होती, सचिवाच्या पत्त्यावर. आणि काका घरात वाट बघत बसले होते, आणि हा नराधम त्यांची पदकं लावून त्यांच्याच पुढे चालायचा. त्यांच्याच घरी पोहे ओरपायचा.

मावशीने पदक ओढलं. ते आलं नाही.

पिन नुसत्या ब्लेझरमध्ये नव्हत्या. ब्लेझरमधून, शर्टातून थेट मांसात गेल्या होत्या.

"निघत नाहीत, वहिनी," तो रडायला लागला. "मी खूप ओढलं. लावल्यापासून निघत नाहीत. कपडे कापून काढतो, कापून घालतो... मी रसद भांडारात होतो हो, बटाट्याची पोती मोजत होतो. सचिवाची छाती रिकामी कशी दिसेल?"

मावशीने पुन्हा ओढलं. तिच्या हाताला मात्र ते लगेच आलं. ओला, चिकट आवाज करत. मागोमाग दुसरंही. भोकांतून हिरवट पू वाहिला आणि असा वास सुटला, की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या हवालदाराला ओकारी आली.

मावशीच्या बोटांना तो घाण पू लागला होता. तिने हात मागे घेतला. आता या माणसाला आपला हात पुन्हा लागू नये, एवढंच तिला वाटत होतं. दोन पदकं मुठीत धरून तिने ती सगळ्यांना दिसतील अशी वर उचलली.

"नायक काशिनाथ वैरागडे के हैं ये!" ती ओरडली. "सब लोग पढ़ लो!"

हसणारे इंजिनिअर खाली बघत होते. मावशी एकेकासमोर गेली आणि प्रत्येकाला पदकाची कड वाचायला लावली.

घरी आल्यावर तिने पदकं चिंचेने घासली. उकळत्या पाण्यातून काढली. मग ब्लेझरला लावायला घेतली, तर पिना त्या जुन्या भोकांत नेमक्या बसल्या.

"दाखवलं सगळ्यांना," ती काकांच्या फोटोला म्हणाली.

त्या दिवसापासून ब्लेझर गप्प झाला. वासही गेला.

बाळकृष्ण त्याच आठवड्यात बायकोला घेऊन पहाटेच हबीबगंज स्टेशनवर गाडीत बसला. कुठे गेला, जगला की मेला, कुणालाच कळलं नाही. चौकशी करावीशी कुणाला वाटलीही नाही.

इथे संपायला हवं होतं ना?

होळीच्या सुमारास, दुपारी, मावशीचं दार वाजलं. दारात पठारियाभाभी होत्या. हातात नवऱ्याचा कोट, डोळे सुजलेले.

"भाभीजी," त्यांनी विचारलं, "आपके यहाँ बंद हो गया क्या?"

"क्या?"

"आवाज़."

त्यांनी कोट उलगडला. डाव्या खिशाच्या वर बारीक भोकं होती, जोडी-जोडीने. खाली दोन हिरवट डाग. पठारियांचे अर्जही बाळकृष्णामार्फतच जायचे.

बाळकृष्णाच्या छातीवर चार पदकं होती. दोन मावशीने काढली. उरलेली दोन तिच्या बोटांच्या अगदी जवळ होती. नुसती तिरकी करायची होती. पण तिला किळस आली होती, तिने हात मागे घेतला होता. आणि तो माणूस ती दोन्ही मांसात घेऊन निघून गेला.

"आपने बाकी दो पढ़े थे?" पठारियाभाभींनी विचारलं.

मावशीने दोन्ही हात पदराला पुसले.

भाभींनी मरेपर्यंत अर्ज केले. उत्तर एकच यायचं. पदकं पाठवली आहेत, पोच मिळाली आहे. त्यांना मूलबाळ नव्हतं. जाताना कोट मावशीकडे ठेवून गेल्या.

मावशी आता भोपाळातच शाहपुऱ्याला राहते, तळ्याजवळ. मागच्या जानेवारीत मी तिच्याकडे गेले होते. कपाटात दोन कोट शेजारी लावलेले आहेत. काकांचा, पदकं लावलेला. आणि दुसरा, रिकामा.

आम्ही दुपारी जेवून बसलो होतो. मावशी बडीशेप निवडत होती. तेवढ्यात...

खण्.

मी तिच्याकडे बघितलं. तिने मान वर केली नाही.

खण्. खण्.

"काकांचा आहे ना गं?" मी विचारलं. मला तेच ऐकायचं होतं.

"तो केव्हाच गप्प झाला," मावशी म्हणाली. बडीशेप तशीच टाकून ती उठली आणि मोरीत जाऊन साबणाने हात धुवायला लागली.

बराच वेळ धूत होती.